थिंकपॅड टी४८० (मॅकओएस टाकलेला माझा लॅपटॉप) अपडेट: अखेर ८०० मेगाहर्ट्झ दिसलं!

काल रात्री साडेबाराला पॉवर गॅजेटमध्ये (प्रोसेसरचा वेग दाखवणारं इंटेलचं ॲप) फ्रिक्वेन्सीची रेघ १.३ गिगाहर्ट्झच्या खाली उतरली आणि ०.८ वर जाऊन टेकली, मी पाच मिनिटं माऊसला हातच लावला नाही. तीन आठवडे याच्याच मागं होतो.

मागच्या वेळी सांगितलंच होतं, सोनोमा (मॅकओएसची आवृत्ती) टाकल्यापासून मशीन रिकामं बसलं तरी ६२-६३ डिग्री दाखवायलंय, फॅन थांबायचं नाव घेईना. सगळे म्हणले परभणीचा मे महिना आहे, बाहेर ४२-४३, लॅपटॉप गार राहणार कसा. मला ते पटलं नाही, कारण त्याच खोलीत त्याच कूलरसमोर लिनक्स बूट केलं की पन्नासवर येऊन बसायचं. मग दोष उन्हाचा कसा?

तरी आधी उघडून बघितलं. हीटसिंकच्या फिनमध्ये काळ्या मातीची धूळ अशी बसली होती की ब्रशनं थराचा थर निघाला. आणि मागं बाजारातून आणलेली ती पांढरी स्वस्त थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडं नेणारी), नखानं खरवडली तर खडूसारखा भुगा पडला. तसली पेस्ट घेऊच नका, आर्क्टिकची एमएक्स-४ मागवा, थोडे पैसे जास्त जातात पण काम होतं. लोडवर ९७ चं ८९ झालं, ते चांगलंच, पण आयडलला (रिकामं असताना) फक्त तीन डिग्रीचा फरक.

मग पॉवर मॅनेजमेंटकडं वळलो. आयओरेगमध्ये (सिस्टीमची आतली माहिती दाखवणारं टूल) प्लगइन-टाइप १ दिसतंय, एक्स८६ प्लॅटफॉर्म प्लगइन लोड आहे, म्हणजे एक्ससीपीएम (मॅकओएसची प्रोसेसरचा वेग सांभाळणारी यंत्रणा) चालू आहे, टर्बोला (सगळ्यात जास्त वेगाला) ३.४ पण गाठतंय, फक्त खाली १.३ च्या पुढं सरकेना. माझ्या प्रोसेसरला, म्हणजे इंटेल ८२५०यू ला, ८०० वर उतरता येतं, लिनक्सवर रोज उतरतं. ओपनकोरची (मॅकओएस बूट करून देणारा बूटलोडर) कॉन्फिग चार वेळा पहिल्यापासून वाचली, बायोस रिसेट केला, काही नाही.

सापडलं ते भलतीकडंच. सोनोमा टाकताना मी एसएमबायोस (आपण कोणता मॅक आहोत हे मॅकओएसला सांगणारी ओळख) मॅकबुक प्रो १५,२ वरून १५,४ केला होता, कारण १५,२ मधला प्रोसेसर २८ वॅटचा, आपला १५ वॅटचा, १५,४ जास्त जवळचा. पण सीपीयूफ्रेंडची (प्रोसेसरच्या वेगाचे आकडे बदलणारी केक्स्ट, म्हणजे मॅकओएसचं ड्रायव्हरसारखं एक्स्टेंशन) डेटा प्रोव्हायडर केक्स्ट जुन्याच एसएमबायोसवर बनवलेली, आणि वर कॉन्फिगमध्ये ती डिसेबल राहिली होती! म्हणजे ॲपलचे स्वतःचे आकडे चालायले होते. सीपीयूफ्रेंडफ्रेंड (ही केक्स्ट बनवणारी स्क्रिप्ट) त्याच मशीनवर परत चालवलं, एलएफएमला (सगळ्यात कमी वेग) ०८ म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ टाकलं, ईपीपीला (वेग की वीजबचत, याचा कल) ८०, नवीन केक्स्ट सीपीयूफ्रेंडच्या खाली लावली, आधी पेनड्राइव्हच्या ईएफआयवरून (बूटच्या फाइलींचा भाग) बूट केलं. एसएमबायोस बदलला की ही केक्स्ट परत बनवायचीच, हे कुठंतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता आयडल ५१-५२. दुपारी कूलर बंद असताना ५५. फॅन मधून मधून चक्क थांबतो, खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

रविवारी व्होल्टेजशिफ्ट या टूलनं अंडरव्होल्ट (प्रोसेसरला व्होल्टेज कमी देणं) करायचं ठरवलं होतं, उणे ५० मिलीव्होल्टपासून सुरू करून दहा-दहानं खाली. (ज्यांचं अंडरव्होल्ट अजून चालतंय त्यांनी बायोस अपडेट करायच्या आधी दहादा विचार करा, २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज बदलून हल्ला करता येणारी त्रुटी बाहेर आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी ती सोय बंद केली.) पण हे लिहिता लिहिता वाटायलंय की थांबावं. आत्ताच दोन गोष्टी बदलल्यात, त्यात तिसरी घातली तर कशानं काय झालं ते कळणार नाही. त्यापेक्षा आधी ईपीपी ८० आणि सी० (वीज आणखी वाचवणारं) अशा दोन केक्स्ट बनवतो आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर कोणती किती टिकते ते मोजतो. लाईट तर रोज दुपारी जातेच, वेगळी वेळ काढायची गरज नाही.

कुणी ८२५०यू वर सी० लावलं असेल तर स्क्रोल करताना अडकतं का तेवढं सांगा, माझं सगळं काम ब्राउझरमध्येच असतं.