तुम्ही विचारलंत म्हणून: बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग

‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. बसऱ्याला गेले होते, एवढंच घरात ठाऊक आहे. त्यांचं नाव कुठे सापडेल?’ सातारा, कोल्हापूर, कोकणातून हा प्रश्न सारखा येतो. नाव नंतर शोधा, आधी पलटण शोधा.

१९१४ साली मराठा पलटणी सहा होत्या: १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फंट्री, आणि ११४, ११६, ११७ मराठा. शिपायांचे नंबर पलटणीपुरते असत. म्हणजे एकच नंबर दोन पलटणींत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो, आणि पलटणीशिवाय नुसता नंबर काही कामाचा नाही. नावाचं तर विचारूच नका. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. पवारचं पोवार, जाधवचं जादव, शिंदेचं सिंदे. पुष्कळदा आडनावच नाही.

‘बसरा’ (आजच्या इराकमधलं बंदर) या शब्दाचा मात्र उपयोग होतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव इथे उतरून बसऱ्याकडे गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. पुढे त्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली. तेव्हा घरात ‘तुर्कांच्या कैदेत होते’ अशी आठवण असेल तर या तिघींपासून सुरुवात करा. ‘फ्रान्सला गेले’ अशी असेल तर आधी खडकीचे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंत्यांची पलटण, पाहा. त्या काळी त्यांचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेलच्या हल्ल्यात होत्या. महार समाजातल्या घरांनी १११ महार ही पलटण विसरू नये. ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली, म्हणून यादीत चटकन दिसत नाही.

पलटण कळण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे घरातलं पदक. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल (एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार) असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इंद्रधनुषी फितीच्या व्हिक्टरी मेडलवरही कडेलाच. चांदणीच्या आकाराच्या काशाच्या पदकावर हीच माहिती पाठीमागे असते. चिंच-राखेने घासू नका, अक्षरं उथळ असतात. टॉर्च आडवा धरा आणि भिंगातून वाचा. चांदीचं पदक कित्येक घरांत सोनाराकडे गेलेलं असतं, काशाची मागे राहतात. वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं निघालं, तर माणूस लढणारा शिपाई नसून लेबर कोअरमधला, म्हणजे लष्करी मजूर पथकातला, असण्याची शक्यता मोठी. आणि सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल ढाल असेल, तर तो माणूस परत आला नाही. ती ढाल मृतांच्या घरीच येई. तिच्यावर नाव असतं, हुद्दा मुद्दामच नाही.

एक घोळ नेहमीचा. कागदावर ‘३/५ मराठा’ दिसलं की लोक ते पहिल्या महायुद्धाचं समजतात. १९२२ मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र झाल्या. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. ३/५ म्हणजे जुनी ११० हे खरं, पण तो कागद १९२२ नंतरचा आहे. कदाचित पणजोबांचा नसून आजोबांचा.

मृत्यू सेवेत झाला असेल तर युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. युद्ध पहिलं, सैन्य भारतीय निवडा. नावाची जागा रिकामी ठेवा आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका, कारण तिथे बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. जिल्हा मात्र तेव्हाचा हवा. वाळवा-तासगाव साताऱ्यात, मालवण-देवगड रत्नागिरीत, आणि रायगड म्हणजे कुलाबा. कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ इतका काळ धरतं, त्यामुळे सेवेत असताना १९१८ च्या साथीत गेलेलाही यादीत येतो. सुखरूप परतून शेती केलेला येत नाही, आणि परतलेलेच जास्त होते.

तिथे ‘बसरा मेमोरियल’ लिहून आलं तर फोटोत नाव हुडकत बसू नका. ४० हजारांहून जास्त मृतांच्या त्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा पलटणवार आकडा तेवढा कोरला. कमिशनच्याच समितीने २०२१ च्या अहवालात हे मान्य केलं. आपल्या खेड्यांतल्या संगमरवरी पाट्यांचीही तीच तऱ्हा: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. नाव एकाचंही नाही.

लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या नोंदवह्यांबद्दलही विचारणा होते. सव्वातीन लाखांच्या आसपासच्या त्या नोंदी पंजाबच्या आहेत, त्यांत मराठा शिपाई शोधणं व्यर्थ. पैसे भरून ब्रिटिश सैनिकांच्या ‘जळक्या’ फायली उघडणंही तसंच. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या त्या फायली गोऱ्या सैन्याच्या, भारतीय शिपाई त्यांत नव्हताच.

पणजोबा पलटणीत नसून बोटीवर खलाशी असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशांच्या होमकडे जा. समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे.