तुम्ही विचारलंत म्हणून: तेलात एन्झाइम टाकणं म्हणजे भेसळच ना?

लग्न असो की मुंज, मी तेलाच्या लॅबमध्ये काम करते हे कळलं की प्रश्न ठरलेला, "म्हणजे तेलात काहीतरी मिसळता ना तुम्ही लोक?" मागे भाचीच्या मुलीच्या बारशाला तर एका काकूंनी बाळाच्या पावडर दुधाचा डबाच हातात आणून दिला, त्यावर बारीक अक्षरात ओपीओ छापलेलं, आणि म्हणाल्या, हे बघ, नातवाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे एन्झाइम घालून बदललेलं पामतेल असतं, भेसळ नाही तर काय गं ही? पानं वाढून झाली होती म्हणून तेव्हा हसून सोडून दिलं, आता नीट सांगते.

तेलाचा एक रेणू म्हणजे मागच्या सीटवर तीन पॅसेंजर बसलेली रिक्षा (उजवीकडे दांडी असते ते सध्या विसरा, दोन्हीकडून उतरता येतं असं धरा). सीट म्हणजे ग्लिसरॉल, पॅसेंजर म्हणजे फॅटी ॲसिडं. डब्यावर लिहितात ते फक्त कोण कोण बसलंय, कोण कुठे बसलंय ते सहसा नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. आईच्या दुधातल्या फॅटी ॲसिडांत साधारण २०-२५ टक्के पामिटिक, आणि त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त मधल्या सीटवर बसलेलं. पामतेलातही पामिटिक भरपूर, पण बहुतेक कडेला. आता बाळाच्या पोटातलं लायपेज, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम, करतं काय, तर कडेच्या दोघांना उतरवतं आणि मधल्याला बसू देतं. कडेचं पामिटिक असं सुटं झालं की ते दुधातलं कॅल्शियम पकडतं आणि त्याचा चक्क साबण होतो, पाण्यात न विरघळणारा. मग बाळाची शी घट्ट आणि कॅल्शियम गेलं डायपरमध्ये. मधलं पामिटिक मात्र ग्लिसरॉलला धरूनच आतड्यातून आत जातं, साबणबिबण काही नाही.

म्हणून ओपीओ. कडेला ओलेइक, मध्ये पामिटिक. हे करायला पाम स्टिअरिन घेतात, म्हणजे पामतेल थंड करून गाळलं की मागे उरतो तो घट्ट भाग, त्यात ओलेइक ॲसिड आणि एका बुरशीपासून काढलेलं लायपेज. तेही आपल्या पोटातल्यासारखंच, फक्त कडेच्या सीटा ओळखणारं. ६० अंशाच्या आसपास ढवळत ठेवायचं, कडेचे पामिटिक उतरतात, ओलेइक चढतात. नंतर एन्झाइम गाळून काढायचं (ते बारीक दाण्यांवर चिकटवलेलं असतं, साधारण रव्यासारखं दिसतं, परत परत वापरता येतं) आणि सुटी ॲसिडं उडवून टाकायची. एन्झाइमऐवजी सोडियम मेथॉक्साइड नावाचं रसायन घालूनही पॅसेंजर बदलता येतात आणि स्वस्तात, पण त्याला कड आणि मध्य कळत नाही, सगळे वाटेल तिथे बसतात.

ऐकायला सोपं वाटतं ना, पण मुंबईतला जुलै मध्ये आला की बघा. पहिल्या वर्षी मी एन्झाइमची पिशवी उघडी ठेवून जेवायला गेले, त्या दाण्यांनी हवेतली ओल ओढून घेतली आणि तरीही मी तेच फ्लास्कमध्ये ओतलं. थोडं पाणी एन्झाइमला लागतंच, पण जास्त झालं की ते नवा पॅसेंजर चढवण्याऐवजी नुसतं उतरवतच सुटतं. दुसऱ्या दिवशी तेलातले घटक वेगळे करून दाखवणारी सिलिकाची प्लेट आयोडीनच्या बरणीत ठेवली तर वर ट्रायग्लिसराइडचा (तिन्ही पॅसेंजर बसलेले) तपकिरी ठिपका कसाबसा दिसतोय आणि खाली डायग्लिसराइडचे (दोघंच उरलेले) हे एवढाले डाग! मॅडमनी प्लेट उजेडात धरली, म्हणाल्या, छान, रिक्षा रिकामी केलीस. (उपमा त्यांचीच, मी ढापली.)

तर भेसळ का? माझ्या मते नाही. भेसळ म्हणजे न सांगता दुसरंच काही मिसळणं, इथे तेलातलीच फॅटी ॲसिडं उतरतात-चढतात आणि डब्यावर लिहिलेलं असतं. हां, पण "अगदी आईच्या दुधासारखं" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. दुधात हजार गोष्टी, त्यातल्या एका फॅटची बसायची पद्धत जमली इतकंच. आपल्याकडे अशा पावडरींच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ते बरंच आहे.

आणि काकू मूळच्या कोकणातल्या, थंडीत टाचांना भिरंडेल चोळतात. कोकमाच्या बियांच्या त्या तेलात कडेला स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक, बहुतेक रेणूंत हीच बैठक, म्हणून तर ते गोळ्यासारखं घट्ट राहतं आणि कोको बटरला पर्याय म्हणून चॉकलेटमध्येही चालतं. लोक जे करायला लायपेज आणतात ते झाड आपलं आपण करून ठेवतं. हे मागाहून सांगितल्यावर काकू म्हणाल्या, मग आमच्या भिरंडेलात पण एन्झाइम असतं होय?

असतं काकू, झाडात. तो डबा मात्र सीलबंदच होता, कुणीतरी आहेरात दिलेला. भाची म्हणाली, मावशी, तूच ने लॅबला.