हनुवटी जरा खाली

परळला १९७४ साली बाबांनी हा गाळा पागडीने घेतला, तो मागच्या मोरीकडे बघून. मोरी नाही तर डार्करूम नाही, आणि डार्करूम नाही तर आपण नुसते खटका दाबणारे, असं त्यांचं गणित. त्याआधी गिरगावात एका स्टुडिओत ११ वर्षं ते डार्करूमच्या रसायनांत हात घालून उभे होते. बोटांची नखं शेवटपर्यंत तपकिरीच राहिली.

पुढच्या बाजूला पडदा, त्यावर रंगवलेला जिना आणि बाग. एक कोट, दोन टाय, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि एक मनगटी घड्याळ. घड्याळ बंद, पावणेअकरावर थांबलेलं. गिरणीत नवा लागलेला पोरगा गावी पाठवायला फोटो काढायचा, तेव्हा घड्याळ मागून घ्यायचा आणि हात गुडघ्यावर असा ठेवायचा की बाही आपोआप वर सरकावी. कोकणात नि साताऱ्याकडे किती घरांच्या भिंतींवर आमचे पावणेअकरा वाजलेत, कोण जाणे.

माझी धंद्यातली पहिली नोकरी बर्फ आणण्याची. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायची तर डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, साधारण २० अंशांवर हवा, आणि मे महिन्यात मुंबईच्या नळाचं पाणी तिशीला टेकलेलं. गरम डेव्हलपरमध्ये फिल्म भराभर काळी पडते, वरचा जिलेटिनचा थर मऊ होतो, बोट लागलं तरी ओरखडा. म्हणून शाळेतून येताना रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचा, परातीत फोडायचा आणि त्यात डेव्हलपरची टाकी ठेवायची. बर्फ टाकीत पडू द्यायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. एकदा पडला. त्या रोलमधल्या बारशाचे पैसे बाबांनी परत केले आणि मला काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

गणपतीनंतर गावाहून परतलेल्यांचे रोल यायचे. बहुतेक आग्फा क्लिक थ्रीचे, एका रोलवर १२ फोटो. त्यातले चार गणपतीचे, दोन हललेले आणि एकात सगळ्यांची डोकी कापलेली. तोही फोटो ‘काढाच’ म्हणायचे लोक. साडीवरून आजी ओळखू येते ना, मग झालं.

आमच्याकडे एक प्राध्यापक यायचे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, हे सगळं ते उभ्याउभ्या सांगायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “सर, ते कलावंत. आम्ही अर्जावर डकवायची माणसं.” पण हे अर्धंच खरं. बाबा “हनुवटी जरा खाली” म्हणायचे आणि मग काहीच करायचे नाहीत. गिऱ्हाईक थांबून थांबून कंटाळायचं, श्वास सोडायचं, खांदे उतरायचे, तेव्हा खटका. मी घाईचा. माझ्या फोटोत माणूस नीट दिसतो, बाबांच्या फोटोत तो बसलेला दिसतो. हा फरक मला चाळिशीनंतर कळला, तोवर पासपोर्टचे कितीतरी फोटो मी घाईतच उरकले होते.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले दोन महिने काही जाणवलं नाही. मग लग्नाच्या ऑर्डरी आटल्या, आणि ज्यांनी कोट घालून फोटो काढले होते तेच लोक अर्जासाठी सहा कॉप्या मागायला येऊ लागले. कोट कोणी मागेना. तो शेवटी वाळवीने खाल्ला. रंगीत फोटो आले तेव्हा ते धुऊन छापणारं मशीन आम्ही घेतलं नाही. शहाणपण नव्हे, भांडवल नव्हतं. कर्ज काढून ज्यांनी घेतली, त्यांतल्या काहींची मशीनं पुढे भंगारात गेलेली मी पाहिली.

धंद्याचा खरा ठेवा म्हणजे निगेटिव्ह. बटर पेपरच्या पाकिटात, नंबर घालून, आणि नंबरापुढे नाव वहीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. आम्ही मधले, पण आमच्या जवळच्या सखल हिंदमाता चौकाचं पाणी सांताक्रूझला विचारून चढत नाही. दुकानात मांडीएवढं चढलं. खालचे दोन कप्पे गेले, म्हणजे सुरुवातीची दहा वर्षं.

भिजलेल्या निगेटिव्ह सुकू दिल्या की एकमेकींना कायमच्या चिकटतात. म्हणून बाबांनी त्या तशाच ओल्या, स्वच्छ पाण्याच्या बादल्यांत बुडवून ठेवायला लावल्या. मग एकेक बोटाच्या पेराने सोडवायची, बटर पेपर अलगद सुटू द्यायचा, धुवायची आणि चाळीच्या गॅलरीत दोरीला चिमट्याने लावायची. दुसऱ्या मजल्यावर वाळवणासारखी माणसं लटकली. पण वही शाईच्या पेनाने लिहिलेली, तिची पानं निळी झाली होती. चेहरे राहिले, नावं वाहून गेली.

गॅलरीतल्या बायका येता-जाता निगेटिव्ह उजेडाला धरून बघायला लागल्या. निगेटिव्हमध्ये केस पांढरे नि दात काळे, चेहऱ्यावरून ओळखणं कठीण. तरी समोरच्या काकूंनी भावाला ओळखलं. म्हणाल्या, “याचा डावा खांदा पडका, लहानपणी झाडावरून पडला होता.” अशी पन्नासेक नावं परत मिळाली. उरलेल्या पाकिटांवर बाबांनी ‘नाव नाही’ असं लिहिलं, या वेळी बॉलपेनने.

बाबा २०११ला गेले. आता माझा मुलगा लाइटबॉक्सवर ठेवून, मॅक्रो लेन्सने एकेक निगेटिव्ह कॅमेऱ्यात उतरवतो. ‘नाव नाही’वाल्या चेहऱ्यांचा एक तक्ता छापून त्याने दुकानाबाहेर लावला. मी नको म्हणत होतो, उगाच कोणाची जुनी भांडणं निघायची.

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा पासपोर्ट साइज काढायला आले. गिरणी कामगारांच्या घराच्या कागदपत्रांत फोटो हवा होता. आत येण्याआधी तक्त्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग तिसऱ्या ओळीतल्या एका पोरावर बोट ठेवून म्हणाले, “हे घड्याळ माझं नव्हतं हो. तुमच्या वडलांचं.”

घड्याळ गल्ल्याच्या खणात होतं. मी काढून दिलं. पट्टा केव्हाच तुटलेला, म्हणून मुलाने रबरबँड लावला. त्यांनी ते मनगटावर चढवलं आणि स्टुलावर बसून हात गुडघ्यावर ठेवला.

“काका, पासपोर्टमध्ये हात येत नाही,” मुलगा म्हणाला.

“असू दे,” ते म्हणाले, “तू काढ.”

कॅमेरा मुलाच्या हातात होता. मी मागे उभा होतो, तरी तोंडून गेलंच, हनुवटी जरा खाली.