जनुकांचा अहवाल आणि ‘किती वेळ?’

यकृताच्या कर्करोगाचा जनुकीय अहवाल घेऊन एका रुग्णाचा मुलगा आज आमच्या डेक्कनवरच्या प्रयोगशाळेत आला आणि ‘टीपी५३’ या नावाखाली पेनाने ओढलेली रेघ दाखवून म्हणाला, “मॅडम, बाबांकडे किती वेळ आहे?” या जनुकात बिघाड असलेल्या गाठी अनेक अभ्यासांत अधिक आक्रमक ठरल्या आहेत, हे खरे, पण तो कल समूहाचा असतो, एका माणसाची मुदत त्यातून निघत नाही. गाठींची संख्या व आकार, रक्तवाहिनीतला शिरकाव, उरलेल्या यकृताची ताकद आणि रुग्णाचे हिंडणेफिरणे यांवर बेतलेल्या, या कर्करोगाचा टप्पा ठरवणाऱ्या बार्सिलोना वर्गवारीत जनुकांचा विचारच होत नाही. म्हणून बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृताचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि सीटी स्कॅनचे कागद कर्करोगतज्ज्ञापुढे आधी ठेवा, असे त्याला सांगितले.

‘टर्ट’ जनुकाच्या प्रवर्तकातला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) बदल तर निम्म्याच्या आसपास गाठींत सापडतो. त्यावरून भाकीत करणे अवघडच. मला या अहवालांत भविष्यापेक्षा भूतकाळच जास्त वाचता येतो. टीपी५३ मधला २४९व्या स्थानावरचा ठरावीक बदल बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतून किंवा मक्यातून पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनकडे बोट दाखवतो, आणि हे विष नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने पुरते नष्ट होत नाही, हे कुबट दाणे कुटात खपवणाऱ्यांना (आमच्या घरीही आहेत) कोणीतरी सांगायला हवे.