खाऊन आलात? बसा, हात पुढे करा

कोलेस्टेरॉल तपासायचं तर उपाशीपोटी यावं लागतं का, हे मला रोज कोणी ना कोणी विचारतंच. लॅबमध्ये रक्त काढण्यात माझी कित्येक वर्षं गेली. बाही वर सारता सारता माणसं अपराध्यासारखं सांगतात, "सकाळी थोडं खाल्लं हो, परत जाऊ का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. बहुतेकांना परत जायची गरज नसते.

ही उपासाची अट आली ती मुख्यतः ट्रायग्लिसराइडमुळे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या एका प्रकारामुळे. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवून बाहेर काढली की लाल गुठळी खाली बसते आणि वर सीरम उरतं. एरवी ते फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. पण भरपूर तेला-तुपाचं जेवून तीन-चार तासांनी कोणी रक्त दिलं, तर तेच सीरम कधी कधी दुधी, गढूळ दिसतं. जेवणातली चरबी आतड्यातून बारीक कणांच्या रूपाने नुकतीच रक्तात उतरलेली असते, ती तशी डोळ्यांना दिसते. कोलेस्टेरॉलचं तसं नाही. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, एका जेवणाने ते फारसं हलत नाही.

मग एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, त्यासाठी उपास कशाला? कारण अनेक लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात. फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 1972 साली दिलेलं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. एकूण 200, एचडीएल 50, ट्रायग्लिसराइड 150, तर एलडीएल 120 (इथले सगळे आकडे mg/dL मध्ये). आता नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी 26 ने वाढतं. त्याचा पाचवा भाग म्हणजे पाचाच्या आसपास. प्रत्यक्षातही जेवल्यावर एलडीएल सरासरी आठेक अंकांनीच कमी दिसतं आणि एचडीएल जागचं हलत नाही. एवढ्याशा फरकाने सहसा कोणाचं औषध सुरू होत नाही की बंद होत नाही.

म्हणूनच डेन्मार्कमध्ये 2009 पासून न उपाशी राहता ही तपासणी होते. 2016 साली युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं, की नेहमीच्या लिपिड प्रोफाइलला, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडच्या या एकत्र तपासणीला, उपास नको. अमेरिकेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनीही, कोलेस्टेरॉलची औषधं चालू नसलेल्या प्रौढांच्या पहिल्या तपासणीला दोन्ही पद्धती मान्य केल्या. एकूणमधून एचडीएल वजा केलं की उरतो तो नॉन-एचडीएलचा आकडा. त्यात तर ट्रायग्लिसराइड येतच नाही, त्यामुळे तो खाऊन आल्यावरही भरवशाचा असतो. रिपोर्टमध्ये तो जरूर बघा.

आणि हा उपास सगळ्यांना सोसत नाही, हे मला कळकळीने सांगायचंय. एक मधुमेही आजी सकाळचं इन्शुलिन टोचून, काही न खाता आल्या होत्या. बारा तास उपाशी या, असं कोणीतरी त्यांना फोनवर सांगितलं होतं. रांगेत तास गेला. मी दंडाला पट्टा बांधला तेव्हा हात घामाने गार पडला होता आणि नाव विचारलं तर जीभ अडखळत होती. बोटातून शुगर बघितली, बरीच खाली आलेली. साखरपाणी पाजलं, आडवं केलं, हळूहळू त्या बोलायला लागल्या. नंतर चिठ्ठी उघडून पाहिली, तर त्यावर नुसतं लिपिड प्रोफाइल होतं. त्या दिवसापासून कोणाला "उपाशी या" म्हणण्याआधी मी विचारते, कोणती औषधं घेता?

उपाशी यायचंच, असे प्रसंगही आहेत. खाऊन दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं तर पुन्हा उपाशीपोटी तपासावं लागतं, कारण तिथे ते सूत्रच कोलमडतं. आधीपासून ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल, त्यापायी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तरीही डॉक्टर उपाशीच बोलावतात. त्याच चिठ्ठीवर फास्टिंग शुगर असेल तर आठ तास काही खायचं नाही, त्याला पर्याय नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर त्या सकाळी ती कधी घ्यायची, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि उपाशी म्हणजे तहानलेलं नव्हे. साधं पाणी पिऊन या, शीर चटकन सापडते, तुम्हाला दोनदा टोचावं लागत नाही.

खाऊन दिलेल्या रक्ताची मर्यादाही वेगळी असते. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 150 च्या आत हवं, खाल्लेलं असेल तर 175 च्या आत. म्हणून शेवटचं कधी खाल्लंत ते लपवू नका. मला सांगा, म्हणजे ती वेळ मी फॉर्मवर लिहीन आणि रिपोर्ट बघताना डॉक्टरांच्या नजरेसमोर ती असेल.