ओरेगॉन ट्रेल: ॲश हॉलो ते साउथ पास, तंबू घेऊन

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्तीसाठी निघालेल्यांची, मिझूरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगॉन सिटीपर्यंतची ही बैलगाड्यांची वाट जवळपास साडेतीन हजार किलोमीटरची. एका सुट्टीत सगळी उरकता येते, पण मग हायवेच बघून होतो. आम्ही डेन्व्हरहून निघून मधलाच पट्टा घेतला: नेब्रास्कातलं ॲश हॉलो ते वायोमिंगमधला साउथ पास. तुम्हीही तोच घ्या असा माझा आग्रह आहे, कारण बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इथे अजून जमिनीत आहेत.

ॲश हॉलोची विंडलास हिल पायी चढा. पश्चिमेकडे निघालेल्यांना हा उतार उतरायचा होता. चाकं बांधून, मागून दोर ताणून धरत ते गाड्या खाली सोडत. मुक्कामाला जवळचा लेक मॅकॉनही तलाव चांगला. मात्र किनारा वाळूचा आणि वारा जोराचा, त्यामुळे तंबूच्या नेहमीच्या मेखा तिथे टिकत नाहीत. लांब, रुंद पात्याच्या मेखा न्या.

चिमनी रॉक हा खडकाचा सुळका लांबूनच दिसू लागतो, त्याला तासभर पुरे. पण स्कॉट्सब्लफ गावाबाहेर रेल्वेरुळांजवळची रेबेका विंटर्स यांची कबर चुकवू नका. ऑगस्ट १८५२ मध्ये कॉलऱ्याने त्या वाटेतच गेल्या. सोबत्यांनी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून तिच्यावर नाव आणि वय कोरलं. म्हणून ही कबर ओळखू येते. जनावरांनी उकरू नये म्हणून अनेकांना तर वाटेतच पुरून वरून गाड्या नेल्या जात. ती धाव बघितल्यावर पुढचा सगळा प्रवास मला वेगळा वाटला.

फोर्ट लारामी या जुन्या लष्करी ठाण्याला अख्खी दुपार द्या. बरॅकी बघाच, पण सरकारने इथल्या मूळ रहिवाशांशी केलेले १८५१ आणि १८६८ चे करारही समजून घ्या. गाड्या लाकोटा, शायेन, शोशोनी लोकांच्या भूमीतून जात होत्या. त्या भूमीबद्दल दिलेले शब्द पुढे सरकारनेच मोडले. हे वगळून ही वाट बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिथून गर्न्सी हे गाव जवळच. नदीकाठ गाड्यांना सोयीचा नव्हता, म्हणून जवळपास प्रत्येक गाडी एकाच टेकाडावरून गेली आणि वालुकाश्मात काही ठिकाणी दीड मीटर खोल चाकोरी पडली. आत उभं राहिलं की दगड छातीपर्यंत येतो. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात खोली नीट कळते आणि गर्दीही नसते. शेजारच्या रजिस्टर क्लिफवर प्रवाशांनी नावं कोरली आहेत, वर पाकोळ्यांची घरटी आहेत. राहायला गर्न्सी स्टेट पार्क, तेही आधी आरक्षण करून. जुलैत गाळ वाहून नेण्यासाठी तिथल्या जलाशयाचं पाणी सोडतात. मुलांना पोहायचं असेल तर जूनमध्ये या.

कॅस्पर शहरात गाडीची टाकी भरा, पाण्याचे कॅन भरा, नकाशे फोनवर उतरवून ठेवा. पुढे दुकानं विरळ आणि सिग्नल बेभरवशाचा. वाटेतल्या इंडिपेंडन्स रॉक या मोठ्या खडकावर चढता येतं. गवतातून जाताना पायात बूट हवेत, रॅटलस्नेक असतात. कोरडा उन्हाळा असेल तर शेकोटीवर बंदी येते, म्हणून गॅसची शेगडी हवीच.

साउथ पास साधारण २,२६० मीटरवर आहे. उन्हाळ्यातही रात्री गोठवणारी थंडी पडते, म्हणून उबदार स्लीपिंग बॅग न्या. ॲटलांटिक सिटीजवळच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर उजेडी पोहोचा. खिंड म्हणजे प्रत्यक्षात सेजब्रश नावाच्या झुडपांचं रुंद माळरान. चढ इतका मंद की पाणलोटाची रेषा ओलांडल्याचं अनेकांना कळलंही नाही. म्हणून तर गाड्या रॉकी पर्वत ओलांडू शकल्या. माथ्यावर दोन दगड आहेत. एक १८३६ मध्ये इथून गेलेल्या नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पाल्डिंग या मिशनरी स्त्रियांचा. दुसरा एझ्रा मीकर यांनी बसवलेला. १८५२ मध्ये ते याच वाटेने पश्चिमेला गेले होते आणि वाट विसरली जाऊ नये म्हणून १९०६ मध्ये, पंचाहत्तरीत, पुन्हा बैलगाडी जुंपून उलटे पूर्वेकडे निघाले. दगडांपर्यंतचा रस्ता कच्चा आहे. पाऊस झाला असेल तर गाडी आत घालू नका, हायवे २८ वरच्या थांब्यावरून खिंड बघा.