मराठीत सुरू झालेली केस

मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करते. खालच्या कोर्टातल्या मराठी साक्षी, पंचनामे, सातबारे इंग्रजीत करून द्यायचे. 1998 पासून राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. हायकोर्टात मात्र इंग्रजी, कारण राज्यघटनेचं कलम 348.

परवा काटोलकडचे एक काका आले. वावराच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची केस, आता हायकोर्टात अपिलात. हातात मी केलेलं इंग्रजी भाषांतर. म्हणाले, "ताई, यात माहं म्हणणं कुठं आहे, तेवढं दाखवून द्या." दाखवलं. पुढची पानं त्यांनी माझ्याकडून मराठीत ऐकून घेतली. म्हणजे त्यांचंच बोलणं दोनदा उलटसुलट होऊन त्यांच्याकडे परत!

कलम 348 मध्येच एक वाट आहे. राष्ट्रपतींची आधी संमती घेऊन राज्यपाल हायकोर्टाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरू देऊ शकतात. निकालही त्या भाषेत देता येतो, सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. ही सोय 1963 च्या राजभाषा कायद्याची. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या वाटेने गेले.

त्यातल्या मध्य प्रदेशाचं आम्हा नागपूरकरांना जरा लागतं. 1956 पर्यंत त्याची राजधानी इथेच होती, सरकारी कारभारात हिंदी आणि मराठी दोन्ही. 1936 साली सुरू झालेलं नागपूर हायकोर्ट राज्य पुनर्रचनेत जबलपूरला गेलं आणि 1971 मध्ये तिथे हिंदी आली. इमारत नागपुरातच राहिली. तिच्यात आता मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसतं, इंग्रजीत.

तमिळ, गुजराती, बंगाली, कन्नड यांच्यासाठीही मागण्या गेल्या होत्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नाकारल्या. अशा मागणीवर सरन्यायाधीशांचं मत घ्यायचं, हे कलमात कुठेच नाही; 1965 च्या मंत्रिमंडळ समितीच्या निर्णयातून ते आलं. घटनेने उघडं ठेवलेलं दार अशा निर्णयाने अडावं, हे मला पटत नाही.

परप्रांतातून बदलून आलेल्या न्यायमूर्तींनी मराठी कशी वाचायची, हा प्रश्न खोटा नाही. पण निदान मूळ मराठी कागद भाषांतराशिवाय दाखल करून घ्या, लागेल तेवढंच कोर्टाने भाषांतरित करावं आणि खर्च पक्षकारावर टाकू नये. माझा धंदा बसेल, बसू द्या.

गडचिरोलीच्या फाइलींचं काय करायचं, ते मात्र मला सुचत नाही. तिथला साक्षीदार गोंडीत बोलतो, ते मराठीत लिहिलं जातं, मग मी त्याचं इंग्रजी करते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे भाषांच्या यादीत, 22 भाषा आहेत. गोंडी त्यात नाही.